जांभळीखाली बसलेल्या काकी

मास्तरांशी पहिल्यांदा बोलणारा माणूस हमखास गोंधळायचा, कारण मास्तर आपलं ऐकतायत की नाही हेच त्याला कळायचं नाही. समोरचा बोलायला लागला की ते डावा डोळा मिटायचे, उजवा हात ताठ पुढं करायचे आणि हातात जे असेल, म्हणजे ब्रश, पेन, एखाद्या वेळी चहाचा चमचासुद्धा, त्यावर अंगठा खालीवर सरकवत त्याच्या नाकाचं माप घ्यायचे. समोरचा बिचारा पोरीच्या लग्नाचं नाहीतर गुडघेदुखीचं सांगत असायचा. त्याचं सांगून संपलं की मास्तर हात खाली घेऊन म्हणायचे, "नाक आईकडनं आलंय तुमच्याकडं. बाकी काय म्हणत हुता?"

कोल्हापुरात दगड भिरकावला तर तो पैलवानाला लागतो नाहीतर चित्रकाराला, असं आम्हीच कौतुकानं म्हणतो. त्यामुळं मास्तरांचं इथं फार अप्रूप होतं अशातला भाग नाही. ते एका हायस्कुलात चित्रकला शिकवायचे आणि मी त्यांच्या हाताखाली शिकलो. शिकलो म्हणजे वर्गात बसलो. मी काढलेला आंबा बटाट्यासारखा दिसायचा आणि बटाटा काढला तर तो कशासारखाच दिसायचा नाही. शेवटी एकदा माझा कागद हातात धरून मास्तर म्हणाले, "लेका, चित्र तुझ्या नशिबात न्हाय. पण कागदाच्या कडंची चौकट तू झकास सरळ आखतोस. तेवढंच कर." मी तेवढंच केलं. मंगळवार पेठेत माझं फ्रेमचं दुकान आहे. थोरामोठ्यांनी दिलेल्या सल्ल्यांपैकी उपयोगी पडलेला हा एकच.

मास्तरांची खरी ओळख होती ती माणसांच्या चित्रांसाठी. संस्थांचे चेअरमन, निवृत्त झालेले हेडमास्तर आणि मुख्य म्हणजे वारलेली माणसं. वर्षश्राद्धाच्या आधी घरचे लोक आधारकार्डावरचा नाहीतर कुणाच्या तरी लग्नातल्या गर्दीतला फोटो घेऊन यायचे, आणि त्या एवढ्याशा फोटोवरून मास्तर माणूस उभा करायचे. आता कॉम्प्युटरवर फोटो मोठा करून, मागं हिमालय टाकून मिळतो. तरीही जुनी घरं मास्तरांकडंच यायची.

चित्र पुरं झालं की ते जुन्या चादरीत गुंडाळून माझ्या दुकानात आणायचे. काउंटरला टेकवून ठेवायचे, चादर ओढायचे आणि दुकानात जो कोणी असेल त्याला विचारायचे, "कोण हाय?" कसं झालंय, आवडलं का, असलं काही नाही. गावात माहीत असलेला माणूस असला तर गिऱ्हाइकानं तो ओळखला पाहिजे. अनोळखी असला तर मास्तर खिशातून चार-पाच वेगवेगळ्या माणसांचे फोटो काढून काउंटरवर पसरायचे. "ह्यातला कुठला?" गिऱ्हाइकाचं बोट बरोबर फोटोवर पडलं की चित्र पास. जरा जरी घुटमळलं, तर चादर परत गुंडाळून मास्तर घरी. माझ्याकडं दिनदर्शिका चौकटीत बसवायला आलेल्या किती लोकांनी अशा परीक्षा दिल्या असतील, देव जाणे.

मुरगूडच्या एका वारलेल्या चेअरमनच्या नाकावर चांगली हरभऱ्याएवढी चामखीळ होती. त्यांची पोरं म्हणाली, "मास्तर, तेवढी चित्रातनं काढून टाका." मास्तर भडकले. "चामखीळ काढायची हुती तर जित्तेपणी डॉक्टरकडं न्यायचं. माझ्याकडं कशाला?" पोरं नाखुशीनंच चित्र घ्यायला दुकानात आली, बरोबर आईही होती. बाईंनी चित्र पाहिलं, वाकून त्या चामखिळीवर बोट ठेवलं आणि पदर तोंडाला लावला. मास्तर तिकडं न बघता मला फ्रेमची पट्टी कुठली लावायची ते सांगत राहिले.

आधुनिक चित्रकलेचं मात्र त्यांना वावडं होतं. इचलकरंजीच्या एका यंत्रमागवाल्याच्या मुलानं नवीन बंगल्यासाठी एका परदेशी चित्राची मोठी छापील प्रत माझ्याकडं फ्रेमला दिली होती. झाडीत बसलेली बाई, पण तुकड्या-तुकड्यांची. एक डोळा इकडं, एक तिकडं, गुडघ्यातून झाड निघालेलं. मास्तर चहा प्यायला आले होते. त्यांनी चित्राकडं पाहिलं आणि म्हणाले, "अरारा! काय झालं हिला? ट्रॅक्टरखाली आली काय?"

मी म्हणालो, "मास्तर, एवढी मोठी माणसं अशी चित्रं काढतात, त्यात काहीतरी असंल की."

"असंल म्हंजे? हायच. घनवाद म्हणत्यात त्याला, परीक्षेला मीच पोरास्नी शिकवलाय. ही माणसं तांब्या काढायचा म्हटलं की त्याच्याभवती फिरत्यात. पुढनं बघितलं, बाजूनं बघितलं, वरनं वाकून बघितलं, आणि सगळं एकाच कागदावर मांडलं. डोकं लागतंय त्याला."

"मग तुम्ही का काढत न्हाईसा?"

"मला फिरायला येत न्हाय. मी एका जाग्यावर हुबा ऱ्हातो. एका जाग्यावरनं एक माणूस नीट दिसायचा म्हटलं तरी जलम जातोय," असं म्हणून त्यांनी बशीतला चहा संपवला.

निम्म्या जिल्ह्याची तोंडं काढणाऱ्या या माणसानं आपल्या बायकोचं चित्र मात्र कधी काढलं नव्हतं. काकी हे येईल-जाईल त्याला सांगायच्या. "ह्यास्नी चेअरमन दिसतोय, चेअरमनची चामखीळ दिसती, मी काय दिसत न्हाय." मास्तर आतून ओरडायचे, "आधी मेलेल्यांची! जित्या माणसाची काय घाई हाय?" काकी हसायच्या. पण घरात त्यांच्या लग्नातला एक पिवळा पडलेला फोटो सोडला तर भिंतीवर त्यांचं असं काही नव्हतं. चित्रकाराच्या घरात हे जरा डोळ्यांत खुपायचं.

अखेर एका हिवाळ्यात मास्तरांनी मनावर घेतलं. काकींचं माहेर शिरोळकडं, कृष्णेच्या काठाला. भावाचं रान नदीला लागून, बांधावर एक जुनी जांभळ आणि मागं नजर पोचेल तिथवर ऊस. मास्तरांनी चित्र टेकवायचा लाकडी घोडा, रंगाची पेटी, घडीचं स्टूल असं सगळं एसटीत घातलं आणि बायकोला घेऊन मेव्हण्याकडं जाऊन राहिले. काकींना हिरवं इरकल नेसवून जांभळीखाली बसवलं. एक पाय पोटाशी घेऊन बसायची त्यांची सवय होती, तसंच बसा म्हणाले. सकाळची उन्हं कोवळी असेपर्यंत आणि त्यानंतरही ते काढत राहायचे. मेव्हण्याच्या घरचे हसायचे, ऊसतोडीला आलेल्या बायका जाता-येता थांबून बघायच्या.

परत आले ते थेट दुकानातच. काकी रिक्षातच बसून होत्या. मास्तरांनी चित्र काउंटरला टेकवलं, चादर ओढली आणि विचारलं, "कोण हाय?"

मी बघतच राहिलो. काकींचा एक डोळा समोरून होता आणि दुसरा, बाजूनं पाहिल्यावर दिसतो तसा, पार कानाजवळ. नाक एकीकडं वळलेलं, ओठ दुसरीकडं. जांभळीचं खोड खांद्यात शिरून कोपरातून बाहेर पडत होतं आणि उसाची पाती गालावरून गेली होती. इरकलाचा काठ मध्येच तुटून नदीच्या पाण्यात सापडत होता. रंग मात्र मास्तरांचेच होते, तसले रंग दुसऱ्या कुणाचे नव्हतेच. सर्टिफिकेट फ्रेम करायला आलेला एक पोरगेला गिऱ्हाईक शेजारी उभा होता. तो म्हणाला, "नाद खुळा! मॉडर्न हाय."

मला वाटलं, म्हाताऱ्यानं आमची फिरकी घेतली. मी म्हणालो, "मास्तर, तुमीबी?"

मास्तर हसले, पण त्या हसण्याला जोर नव्हता. "ते ऱ्हाऊ दे. कोण हाय ते सांग."

"काकी."

"व्हय की न्हाय?" ते खूश झाले आणि पट्टी निवडायला लागले. रिक्षात काकी बसलेल्या, चित्र कुणाचं काढायला गेले होते ते मला ठाऊक. मी दुसरं काय सांगणार होतो? आज कुणी विचारलं तरी तेच सांगीन.

पट्टी लागेपर्यंत ते चित्र माझ्या दुकानात होतं, आणि तेवढ्यात मास्तरांचा एक जुना विद्यार्थी तिथं टपकला. हा आता गावात चित्रप्रदर्शनं भरवतो, गळ्यात मफलर, बोलण्यात मुंबई. चित्र बघून तो खालीच बसला. "सरांनी क्रांती केलीय," म्हणाला. फोटो काढले, फोन फिरवले. दोन दिवसांत दुकानात जत्रा. ज्या गावानं आयुष्यभर मास्तरांना 'फोटोवरनं काढणारे' म्हणून मोजलं, तेच गाव आता त्यांच्या चित्राचा अर्थ लावत माझ्या काउंटरपुढं उभं राहिलं.

आपल्या गावाला एक खोड आहे, तुम्हीही पाहिली असेल. एखादी गोष्ट कळली नाही असं कबूल करायला कोल्हापूरकर तयार नसतो. त्यामुळं प्रत्येकाला अर्थ लागला. एक प्राध्यापक म्हणाले, ही महापुरात विस्कटलेली स्त्री आहे. एकाला त्यात ऊसतोड बाईचं सोलवटलेलं अंग दिसलं. शेजारच्या तालमीतले वस्ताद मान तिरकी करून बराच वेळ बघत होते. "बाईवर निसर्गानं ढाक डाव टाकलाय," म्हणाले. मी हसलो. मलाही मजाच वाटत होती तेव्हा.

मजा सरली ती हळूहळू. मास्तर दुकानात येताना डाव्या खांद्यानं दाराची चौकट ठोकायला लागले. मी लावलेली फ्रेम वाकडी आहे म्हणून माझ्याशी भांडले, मी पट्टीनं मापून दाखवली तरी ऐकेनात. एकदा चहा ओतला तो कपाच्या शेजारी, आणि कप रिकामाच उचलून तोंडाला लावला. माझ्या तोंडाचं माप घ्यायला हात पुढं केला, अंगठा सरकवला, पुन्हा सरकवला आणि हात खाली टाकून म्हणाले, "तुझं तोंड आज सरळ न्हाय." त्यानंतर त्यांनी कुणाचं माप घेतलेलं मी पाहिलं नाही.

एका दुपारी काकी एकट्याच आल्या. स्टुलावर बसल्या, पाणी प्यायल्या, आणि मग म्हणाल्या, "भाऊ, ताटातली निम्मी भाकरी खात्यात. डावीकडची तशीच. वाढलंच न्हाय म्हणून माझ्यावर चिडत्यात. ताट फिरवून ठेवलं की मग ती दिसती."

मास्तरांना घेऊन डॉक्टरांकडं जाऊन आल्या होत्या. डोळे चांगले होते. डोळ्यांनी पाहिलेलं जिथं जुळवलं जातं, ती डोक्यातली जागा झिजत चालली होती. डॉक्टर मास्तरांना एवढंच म्हणाले होते की वयानं असं होतं. काकींना बाहेर बोलावून सगळं सांगितलं होतं. वाढत जाणार, थांबवायचं औषध नाही.

"म्हंजे ते चित्र..." मी म्हणालो.

"व्हय. त्यास्नी वाटतंय त्यांनी हुबेहूब काढलंय."

माझ्या डोळ्यांपुढून गेल्या महिन्यातली सगळी जत्रा गेली. मी म्हणालो, "काकी, तो मफलरवाला सत्कार ठेवायलाय. पुण्याचा समीक्षक येणार हाय. हे थांबवाय पायजे. मी सांगतो त्याला."

"नगासा." काकींनी माझा हातच धरला. "आजार हाय म्हटलं की लोक दया करायला येत्यात. आत्ता हार घेऊन यायलेत. येऊ द्यात की. जलमभर मेलेल्यांची तोंडं काढली, कुणी एक नारळ दिला न्हाय त्यास्नी." मग पदरानं गळा पुसत त्या दुसरीकडंच बघत म्हणाल्या, "माझं एकच चित्र काढलं, भाऊ. आणि त्यात मी न्हाय."

ते ऐकून मला मास्तरांचा राग आला. आजारी माणसाचा राग येऊ नये, पण आला. एवढी वर्षं होती हातात, डोळे होते, बाई समोर भाकऱ्या थापत होती. जित्या माणसाची घाई नव्हती म्हणे.

सत्काराला हॉल भरला होता. मास्तरांना फेटा बांधला होता आणि तो त्यांना शोभत होता, हे कबूल केलं पाहिजे. स्टेजवर मधोमध चित्र, मी लावलेल्या फ्रेममध्ये. खाली चिठ्ठी होती, 'स्त्री आणि निसर्ग'. ते नाव मफलरवाल्यानं ठेवलेलं. काकी पहिल्या रांगेत तेच हिरवं इरकल नेसून बसल्या होत्या आणि त्यांच्याकडं कुणी ढुंकूनही बघत नव्हतं.

पुण्याचे समीक्षक चांगलं बोलत होते. अभ्यासू माणूस, त्यांची काही चूक नव्हती. ते म्हणाले, "या चित्रात कलावंतानं मनुष्य आणि निसर्ग यांच्यातली सीमारेषाच पुसून टाकली आहे. ऊस तिच्या गालातून उगवतो, झाड तिच्या खांद्यातून वाट काढतं. आणि चेहऱ्याची ही जाणीवपूर्वक केलेली मोडतोड म्हणजे आयुष्यभर जपलेल्या साम्याविरुद्ध एका वृद्ध कलावंतानं पुकारलेलं बंड आहे."

'मोडतोड' म्हटल्यावर फेट्याखालची मान वळली. माईक हातात येईपर्यंत मास्तर त्या चित्राकडंच बघत होते. उठले, आभार वगैरे काही नाही, सरळ विचारलं, "पावणं, मोडतोड कुठं हाय?"

हॉल हसला. समीक्षकही हसले आणि नम्रपणे म्हणाले, "सर, हा डोळा समोरून पाहिलेला आहे, आणि तो दुसरा बाजूनं."

"दुसरा कुठं हाय?"

"तिथं, कानापाशी."

मास्तर चित्राजवळ गेले. त्यांनी बोट नेलं ते झाडाच्या खोडावर टेकलं. तिथून चाचपत गालापर्यंत आलं आणि थांबलं. "मी तर एका जाग्यावर बसून काढलंय," ते माईकशिवायच म्हणाले, पण हॉलमध्ये सगळ्यांना ऐकू गेलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. मागून कुणीतरी शिट्टी मारली, "जगात भारी, मास्तर!" लोकांना वाटलं, म्हातारा काय बोलला! मास्तर टाळ्या वाजवणाऱ्या तोंडांकडं बघत होते. स्टँडवर उतरल्यावर आपलं माणूस न्यायला आलंय का ते शोधावं, तसे ते बघत होते. काकी पुढ्यात होत्या, चार हातांवर. शेवटी त्याच उठून म्हणाल्या, "हितं हाय मी. हितं."

मला वाटलं होतं, आता हा विषय ते काढणार नाहीत. पण प्रदर्शन उतरल्यावर चित्र माझ्याकडं परत आलं, आणि एका सकाळी मास्तर काकींचं कोपर धरून दुकानात आले. शटर नुकतंच उघडलं होतं, दुसरं कुणी नव्हतं. चित्र काउंटरला टेकवायला सांगितलं. काकींना त्याच्याशेजारी स्टुलावर बसवलं. मग माझ्या आवाजाच्या दिशेनं तोंड करून म्हणाले, "तुला चित्रातलं कळत न्हाय, म्हणून तू त्यात अर्थ घालणार न्हाईस. खरं सांग. साम्य हाय का?"

काकींनी मला डोळ्यांनी खुणावलं. नको, नको. मी त्यांच्याकडं बघितलं, चित्राकडं बघितलं. या माणसाला आयुष्यभर दुसरं काही नको होतं. हार त्यानं मागितला नव्हता, बंड तर नव्हतंच मागितलं.

"न्हाय, मास्तर," मी म्हणालो.

"किती न्हाय?"

हे त्यांनी अगदी वर्गात विचारावं तसं विचारलं. मी म्हणालो, "बसणं काकींचं हाय. पोटाशी घेतलेला पाय त्यांचाच हाय. तोंड न्हाय."

त्यांनी मान हलवली. मग काकीच बोलायला लागल्या, घाईघाईनं, एकामागून एक. "माझंच चुकलं ते. मी कुठं गप बसले? गाय आली तवा तिकडं बघितलं. वहिनीनं हाक मारली तवा हिकडं वळले. उसाच्या पाचटानं अंग खाजत हुतं, सारखी चुळबुळ चाललेली माझी. तुमी एकदा बघितलं तवा मी अशी, दुसऱ्यांदा बघितलं तवा तशी. मग तोंड असंच व्हणार की. माझ्यामुळं बिघडलंय ते. दुसऱ्याची बाई असती तर तुमी दम दिला असता, मी म्हणून बोलला न्हाईसा."

मास्तर ऐकत होते. काकी हात मांडीवर ठेवून बोलत होत्या आणि त्यांचा आवाज जिकडून येत होता तिकडं ते बघत होते. त्यांचं सगळं बोलून झालं.

"तू हालली न्हाईस," मास्तर म्हणाले.

"अवो, हालले की. सांगायले न्हवं?"

"माशी बसली हुती गालावर. तरीबी हालली न्हाईस. मी बघत हुतो की." मग चादर उचलली, तिचं टोक सापडेना, तेव्हा मी ते त्यांच्या हातात दिलं. चित्र झाकत ते म्हणाले, "त्या पुण्याच्या पावण्याला सांग. म्हणावं, मास्तरनं बंडबिंड केलं न्हाय. मास्तर नापास झालाय."

मी मफलरवाल्याला सगळं सांगितलं, आजारासकट. तो गंभीर झाला, मग म्हणाला, "कलावंत असंच बोलतात हो." चिठ्ठीवरचं नाव त्यानं काही बदललं नाही.

त्यानंतर मास्तरांनी रंगाची पेटी उघडली नाही. मी अधूनमधून घरी जायचो. त्यांना दार सापडायचं नाही, सदऱ्याची बाही सापडायची नाही. माणसं आवाजावरून कळायची. मी गेलो की "कोण हाय?" म्हणायचे, मी बोललो की "बस लेका" म्हणायचे. काकी आत-बाहेर कामं करताना सारख्या काहीतरी बडबडत असायच्या. एरवी त्या एवढं बोलणाऱ्या नव्हत्या. आपण घरात कुठं आहोत हे मास्तरांना कळावं म्हणून ती बडबड होती, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आलं. पुढं मास्तर अंथरुणालाच खिळले आणि गेल्या दसऱ्याच्या सुमारास गेले.

परवा मफलरवाल्यानं मला मध्यस्थ केलं. मुंबईत मोठं प्रदर्शन आहे, सरांचं चित्र हवंय, काकी फोनवर धड बोलत नाहीत, तुम्ही जाऊन विचारा. गेलो. बाहेरच्या खोलीत चित्र नव्हतं. काकींनी ते स्वयंपाकघरात लावलं होतं, त्या भाजी चिरायला बसतात त्याच्या बरोबर समोर. फोडणीचे बारीक शिंतोडे पट्टीवर उडाले होते. माझ्यातला फ्रेमवाला कळवळला.

मुंबईचं सांगितलं. "न्हाय द्यायचं," काकी म्हणाल्या आणि गवारीच्या शेंगा मोडत राहिल्या.

मी म्हणालो, "काकी, तुमीच म्हणाला हुता की त्यात तुमी न्हाईसा. मग ते सारखं डोळ्यांपुढं ठेवून जिवाला तरास कशाला?"

त्यांनी शेंगांची पाटी बाजूला सारली. "आधी मी त्यात मलाच हुडकायची, भाऊ. नाक कुठं, डोळा कुठं. सापडलं न्हाय की रडू यायचं. मग कळलं, हे माझं चित्रच न्हवं. त्यास्नी जे दिसत हुतं तेच त्यांनी काढलंय, तसूभर खोटं न्हाय केलं. बघा की तुमीबी. दार असं दिसायचं त्यास्नी. ताट असं. मी अशी."

मी बघितलं. कानापाशी गेलेला डोळा, गालातून निघालेला ऊस, खांद्यात शिरलेलं खोड. इतक्या लोकांनी त्याचे अर्थ लावताना मी ऐकले होते, पण मी ते पहिल्यांदाच बघत होतो.

"आणि अशी मी समोर आले," काकी म्हणाल्या, "तरी रोज सकाळी तोंड वर करून हसायचे माझ्याकडं. एक दिस चुकले न्हाईत. त्यांच्या जागी मी असते तर भ्याले असते."